पाठीवरचा खिसा

शिवणक्लासच्या बाईंचं डोकं नुसतं भणभणत होतं. वर्षभर राबून त्यांनी बिनबाह्यांच्या जाकिटाचे व्हिडिओ केले, सोबत मापांचा तक्ता जोडला, आणि ते म्हणे आता फोनाफोनांतून फुकट फिरत होते. नव्या तुकडीत एकही नाव आलं नव्हतं. या आठवड्यात नाही आलं तर क्लास बंद, असं त्यांनी नवऱ्याला सांगूनही टाकलं.

पण बाई काही कमी नव्हत्या. पैसे भरून शिकणाऱ्या प्रत्येकीच्या तक्त्यात त्यांनी मुद्दाम एक वेगळी खोडी केली होती. एकीचा खिसा बोटभर वर, दुसरीचा तिरका, तिसरीला एक काज जास्त. सगळं वहीत टिपलेलं. चोरीचं जाकीट दिसलं की वही उघडायची आणि चोर धरायचा, बस्स.

असं जाकीट दिसतं का ते बघायला बाई सकाळीच बागेतल्या बाकावर जाऊन बसल्या. आणि आल्या की समोरून! सासूबाईंसकट त्यांच्या फिरायच्या मंडळातल्या नऊ आज्या, अंगात नऊ जाकिटं, आणि नऊही खिसे पाठीवर, अगदी मधोमध.

बाईंनी वही चाळली. पाठीवरचा खिसा कुणाच्याच नावावर नव्हता. मग आठवलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. व्हिडिओ उघडतो का ते बघायला पहिली प्रत त्यांनी तक्त्यात काहीतरी वेडंवाकडं घालून सासूबाईंच्या फोनवर पाठवली होती. कारण सासूबाईंना म्हणे फोनमधलं ओ की ठो कळत नाही.

"आई, तुम्ही सगळ्यांना पाठवलंत?"

"मग काय लपवून ठेवू?" सासूबाईंनी फोन पुढे केला. व्हिडिओवर लिहिलं होतं, 'माझ्या सुनेचं काम. असा हात कुणाचा नाही. पुढे पाठवा.'

अकरा वर्षांत सासूबाईंनी सुनेच्या चहालासुद्धा बरं म्हटलं नव्हतं. बाईंना राग यायला हवा होता, पण आलं ते हसू, आणि हसता हसता डोळेच भरून आले. रुमाल काही सापडेना.

शेजारच्या आजींनी पाठ वळवली. "माझ्या खिशातला घे. माझा हात पोचत नाही, आम्ही एकमेकींचे काढून देतो."

"अहो, पण पाठीवर खिसा म्हटल्यावर कुणालाच शंका नाही आली?"

"तू सांगितलंस म्हणजे तसंच असणार," आजी म्हणाल्या. "आता पुढे कसा आणायचा तेवढं शिकव."

"फुकट नाही हं," सासूबाईंनी दरडावलं. "वहीत नावं लिही. पहिलं माझं."

बाईंनी नवं पान उघडलं. "लिहिते. पण या वेळी पुढे पाठवायचं नाही."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.