दोन भिंतींच्या आड

सुनीतीबाईंच्या वाती निम्म्याच वळून झाल्या होत्या. ताटलीत फुलवातींची एक रांग मांडलेली, मांडीवर कापूस, बोटांना दुधाचा ओलावा. तेवढ्यात फडताळावरचा फोन भोंग्यासारखा ओरडायला लागला. त्या होत्या तशा उठल्या. चपला घातल्या, कागदपत्रांची कापडी पिशवी गळ्यात अडकवली, पाण्याची बाटली घेतली आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात पाटावर जाऊन बसल्या. सगळ्या घरात तेवढीच जागा अशी होती, जिथे माणूस आणि रस्ता यांच्या मध्ये दोन भिंती येत.

बाहेर, भिवंडीच्या कामतघरात, काहीही झालं नव्हतं. शेजारचे कापडाचे लूम खडखडत होते, शिफ्ट सुटलेले कामगार चहाच्या टपरीवर हसत होते, आणि रिक्षावाला कुणाला तरी "अरे भाई, साइड दे ना" म्हणत होता. भोंगा होता युक्रेनमधल्या एका शहराचा. तिथे हवाई हल्ल्याचा इशारा झाला की सुनीतीबाईंचा फोन इथे वाजे. त्या शहरात त्यांची एकुलती एक लेक निवेदिता राहत होती.

निवेदिता डॉक्टरकीला तिकडे गेली ती तिकडचीच झाली. आंद्री नावाच्या मुलाशी लग्न केलं. तो वीज खात्यात. तारा तुटल्या की जोडायला जायचा, आणि तारा रोजच तुटत. पुरुषांना देश सोडायची मुभा नाही आणि नवऱ्याला एकट्याला टाकून निवेदिता यायची नाही. आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. ते होणार नसेल तर माहेराने तिकडे जावं, एवढा सरळ हिशोब सुनीतीबाईंनी मनाशी केला होता. नवरा, सुधीरराव, जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरीच्या लग्नाला जायचं म्हणून दोघांनी पासपोर्ट काढले आणि नेमकं सुधीररावांचं दुखणं निघालं. दोन्ही पासपोर्ट कोरेच राहिले.

"आई, कल्याणला तरी एकटी गेलीयेस का कधी?" निवेदिता म्हणाली होती. "इथे मी पोटातल्याला सांभाळू की तुला?"

"मला काय सांभाळायचंय? मी काय पाळण्यात आहे?"

"बरं, मग आधी नियम पाठ कर. मग बघू."

तिने ते विषय टाळायला म्हटलं. सुनीतीबाईंनी मात्र खरंच मनावर घेतलं. रोज एकेक नियम लेकीकडून मागून घ्यायचा आणि वहीत, नामजपाच्या आकड्याखाली, सुवाच्य अक्षरात उतरवायचा. फोन बंद पडेल, म्हणून चार नंबर कागदावर हवेत. सैनिकांचे, तपासनाक्यांचे फोटो काढायचे नाहीत. जमिनीवर पडलेली अनोळखी वस्तू, खेळणं असलं तरी, उचलायची नाही. सरहद्दीच्या स्टेशनावर कुणी फुकट गाडीतून सोडतो म्हणाला, अगदी बाई बरोबर असली, तरी बसायचं नाही. पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती ठेवायचा नाही. उतरणार कुठे ते डब्यातल्या शेजारणीला सांगायचं नाही. संचारबंदीच्या आत घर गाठायचं. भोंगा झाला की तळघर, आणि तळघर गाठता येत नसेल तर दोन भिंतींच्या आड.

'रात्री बूट पलंगाशी ठेवायचे' हा नियम आला तेव्हा त्यांना हसू आलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीतल्या कर्फ्यूत त्या भिवंडीत नव्या नवरी होत्या. सासूबाई सगळ्यांच्या चपला उशाशी ठेवत, पाणी भरून ठेवत आणि मोठ्याने बोलू देत नसत. हे शिकायला युक्रेनला कशाला जायला हवं?

भोंग्याचं ॲप त्यांनी सवय व्हावी म्हणून घेतलं होतं. पण पहिल्याच दिवशी बोळात बसल्यावर त्यांना वाटलं, आत्ता पोरही अशीच कुठेतरी भिंतीला टेकून बसली असेल. मग त्यांनी एकही भोंगा चुकवला नाही. दिवसभर घरात बोलायला कुणी नसे. बोळात बसलं की लेकीच्या शेजारी बसल्यासारखं वाटे. त्या माळ ओढत राहत आणि फोनवर इशारा उठल्याचं येईपर्यंत उठत नसत. कधी अर्धा तास, कधी तीन. आमटी दोनदा करपली होती.

"वहिनी! कसला भोंगा वाजतंय तुमच्या घरान? गिरणी काढलीव का काय?" दारातून पार्वतीबाई आल्या. शेजारचं लूमचं शेड त्यांचंच. बोळात डोकावून त्यांनी कपाळाला हात लावला. "परत बसल्याव? युद्ध तिकडं हाय, न् लपताव तुम्ही कामतघरान!"

"बसू दे गं. पोर बसलीये."

"ती बसली तं बसली. तुम्ही निदान चहा तं घ्या." पार्वतीबाईंनी स्वतःच चहा टाकला, कप बोळात आणून दिला आणि उंबऱ्यावर टेकल्या. "न् खरंच गेल्याव, तं देवांचं काय?"

"तुझ्याकडे ठेवीन म्हणते."

"मासली खानाऱ्या घरान ऱ्हातील तुमचे देव?"

"वास आला तर नाक धरतील."

दोघी हसल्या. मग पार्वतीबाईंना शेडवरून हाक आली आणि त्या गेल्या. बोळ पुन्हा तेवढाच अरुंद झाला.

दोन तास दहा मिनिटांनी इशारा उठला. थोड्या वेळाने निवेदिताचा व्हिडिओ कॉल आला. केस विस्कटलेले, अंगावर दोन स्वेटर.

"आज फार वेळ बसावं लागलं, नाही?" सुनीतीबाई म्हणाल्या. "माझी तर पाठ धरली. तुझ्या तळघरात टेकायला काही आहे का गं?"

"तू बसली होतीस? कुठे?"

"बोळात. रोज बसते. तू बसतेस तेव्हा."

 निवेदिताने तोंड बाजूला वळवलं.

"आई, मी नाही गेले खाली."

"मग? बोळात?"

"कुठेच नाही. पलंगावर होते, खिडकीखाली. आठवा मजला, वीज नाही, लिफ्ट बंद. उतरायचं कसं, चढायचं कसं? आंद्री चार दिवस घरी नाही. महिना झाला, भोंगा वाजला तरी मी उठतच नाही. पडून राहते, कानावर उशी घेऊन."

 महिनाभर ज्या लेकीच्या शेजारी आपण बसत होतो, ती तिथे नव्हतीच. आपण एका रिकाम्या भिंतीला सोबत केली.

"नियम मला पाठ करायला लावलेस ना?" त्यांचा आवाज चढला. "न्हाणीघरापर्यंत तरी चालत जाता येतं की नाही? आठ मजले कोण म्हणतंय?"

"एकटीला नाही उठवत, आई."

यावर रागवायचं कसं? पण पुढचं बोलायला त्यांना जड गेलं नाही.

"मी येतेय. बाळंतपणाला नाही, तुला पलंगावरून उठवायला. आता बघू-बिघू काही नको."

"रस्त्यात काही झालं तर?"

"तू सांगितलंयस की सगळं. फुकटच्या गाडीत बसायचं नाही."

निवेदिताला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाली, "विमानं पोलंडपर्यंतच येतात, तिथला व्हिसा आधी लागेल. मग इथला. फोटो चष्मा काढून काढ."

फोन ठेवल्यावर घर नेहमीसारखंच गप्प झालं. सुनीतीबाईंनी साडी बदलली, कपाटातून आपला पासपोर्ट काढला. त्याखालचा दुसरा क्षणभर हातात धरला आणि परत ठेवून दिला. कुलूप लावून त्या रिक्षाची वाट बघत कोपऱ्यावर उभ्या राहिल्या. भिवंडीतल्याच कल्याण नाक्यावर जाऊन व्हिसाचे फोटो काढायचे होते.