निगेटिव्हवरचे डोळे

मास्तरांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला, स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "सदऱ्याचा घोळ पसर."

मी हललो नाही.

"पसर म्हणतो ना. बापूसाहेब खोळंबलेत."

बहात्तरचा दुष्काळ. राहुरीच्या पुढं पाझर तलावाचं काम चालू होतं. भरावावर माणसं मुंग्यांसारखी. वर घारी. आभाळ नुसतं पांढरं, बघवत नव्हतं. बापूसाहेब त्या भागातले मोठे बागायतदार. मजुरांना ज्वारी वाटायची आणि वाटतानाचा फोटो काढायचा, म्हणून मास्तरांना आणि मला नगरच्या स्टुडिओतून जीपमधून आणलेलं. जीपचं इंजिन चालूच ठेवलेलं. का, ते कळत नव्हतं.

रांग लागली. पहिला मजूर पुढं आला. जमीन असलेला, चांगल्या घरचा कुणबी. पण दुष्काळानं त्यालाही खडीवर आणलेलं. कॅमेरा बघून तो मागं सरला.

"फोटु नगं, बापूसाहेब. पोरीची सोयरीक जमायची हाय. पावन्यांनी बघितलं तर?"

"बराबर हाय," बापूसाहेब म्हणाले. "तू सर बाजूला. तुला तशीच मिळंल."

त्याच्या मागचाही सरला. त्याच्या मागचाही. बायांनी पदर नाकापर्यंत ओढले. ज्याला नको त्याला बापूसाहेबांनी मोकळं केलं. शेवटी फोटोत घ्यायला माणूसच उरेना. तेव्हा त्यांची नजर माझ्यावर आली.

"ह्यो कोन?"

मास्तर एरवी कुणालाही सांगताना म्हणायचे, "हा माझा विद्यार्थी." नोकर म्हणायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "दुकानातला पोऱ्या. लातूरकडचा."

"कुनाचा?"

मास्तर माझ्याकडं वळले. मीच सांगितलं, "महारवाड्यातला."

"मग ह्यालाच उभा करा की! ह्याची कुठं सोयरीक मोडतीया!"

सगळी रांग हसली. भुकेली माणसं. पण हसली.

मी घोळ पसरला. आईनं शिवून घेतलेला सदरा. आई तिकडं, आमच्या मुलखात, अशाच कामावर खडी फोडत होती.

मास्तर म्हणाले, "बापूसाहेब, जरा वरून सोडा. दाणे हवेत दिसतील. छान येतं."

"आमी ह्यांना वरूनच देतो, मास्तर. फोटु असू नायतर नसू."

पुन्हा हसू.

"मान खाली घाल," मास्तर मला म्हणाले. मी घातली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी वरून पडत राहिली. कॅमेरा वाजला. मग बापूसाहेबांचा माणूस पुढं आला. "आता वत ती परत पोत्यात."

मी ओतली. सदरा झटकून दाखवला. एक दाणा राहू दिला नाही.

मास्तरांनी कॅमेरा परत माझ्या गळ्यात घातला. "चल, भरावाचे, बापूसाहेबांचे पुढचे तू काढ."

आणि मी काढले. हेच मला आजही खातं.

कारण सोपं होतं. मला ते काम आवडत होतं. आवडत होतं म्हणजे काय, जीव अडकला होता. आठवीतून शाळा सुटलेली. नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात हेल्पर असलेल्या एका गाववाल्याच्या खोलीवर येऊन पडलो होतो. भाषा इथलीच, पण माणसं परकी. नगरच्या कापडबाजारात मास्तरांच्या स्टुडिओत झाडलोट करायला लागलो आणि मास्तरांनी एक दिवस कॅमेऱ्याचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. दोन भिंगांचा कॅमेरा, वरून खाली बघायचा. काचेवर सगळं उलटं. माणूस डावीकडं चालला की काचेत उजवीकडं जायचा. मला हसूच फुटलं. मास्तरही हसले. "शिकायचंय?" म्हणाले.

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

शिल्लक राहिलेल्या फिल्मवर माझा पहिला फोटो माळीवाड्यातल्या टांग्याच्या घोड्याचा. नेमक्या वेळी घोड्यानं कान हलवला आणि फोटोत त्याला तीन कान आले. मास्तरांनी तो फाडला नाही. डार्करूमच्या दाराला आतून लावला. लाल दिव्यात, ट्रेमधल्या पाण्यात कोरा कागद हलवत राहायचं. आधी काहीच नाही. मग कुठंतरी एक भुवई. मग गाल. मग माणूस. फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास हातांना कायमचा लागला. जेवतानाही यायचा. मला तो वास माझा वाटायचा. शाळेनं मला काही दिलं नव्हतं, तो वास या माणसानं दिला.

रिटचिंगही त्यांनीच शिकवलं. तेव्हा देवी आलेल्या पोरी पुष्कळ. दाखवायच्या फोटोत वण दिसले की स्थळ परत जायचं. मग निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, डोळ्याला भिंग. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं एकेक वण भरायचा. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागते, तिथं फोटोत डाग फिका होतो. एखाद्या पोरीचा चेहरा स्वच्छ करून दिला की मला बरं वाटायचं. काहीतरी खोटंही वाटायचं. पण बरं जास्त वाटायचं.

राहुरीचा रोल मीच धुतला. कागद पाण्यात टाकला आणि बघत उभा राहिलो. आधी बापूसाहेबांचा फेटा आला. मग हात. मग हवेत थांबलेले दाणे. मग त्यांच्या खाली माझं डोकं.

आणि मग डोळे.

डोळे सरळ भिंगाकडं बघत होते.

मान खाली होती, पण डोळे वर. मला आठवतही नव्हतं मी वर बघितल्याचं. गिऱ्हाइकांना मीच दिवसभर सांगायचो, भिंगाकडं बघा, पापणी हलवू नका. ती सवय. मास्तरांनी बटणाला बोट लावलं आणि माझे डोळे आपोआप उचलले गेले. लाल उजेडात तो चेहरा पाण्याखालून माझ्याकडं बघत होता. मला त्याची भीती वाटली. याच्यामुळं आता काहीतरी होणार, हे तिथंच कळलं.

बापूसाहेबांना पाठवलेला फोटो चौथ्या दिवशी परत आला. स्टुडिओपुढं तीच जीप उभी राहिली, इंजिन तसंच चालू. बापूसाहेबांचा माणूस काउंटरवर फोटो टाकून म्हणाला, "लई झ्याक आलाय, मास्तर. पन ह्यो बघतोय कसा? जनू सायेबांनी ह्याचंच उचललंय! सायेब म्हनले, डोळं खाली करा, मग मोठा करून द्या. एक हापिसाला, एक तुमच्या काचंत लावा."

तो गेला. मास्तरांनी निगेटिव्ह काढली, काचेवर ठेवली, दिवा लावला. पेन्सिल माझ्यापुढं सरकवली.

"बुबुळं भरून टाक. पापणीची रेघ मी ब्लेडनं ओढतो. देवीचे वण भरतोस ना, तसंच."

मी भिंग डोळ्याला लावलं. निगेटिव्हवर काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. माझा चेहरा पांढुरका, केस पांढरे, म्हाताऱ्यासारखे. आणि डोळ्यांच्या जागी दोन बारीक स्वच्छ छिद्रं. त्यांतून खालचा उजेड येत होता. पेन्सिलीचं टोक मी तिथपर्यंत नेलं. खरंच नेलं. टेकवणारच होतो.

"मास्तर, वण भरीन. हे न्हाई."

"अरे, डोळे मिटलेले दिसले तर तुझं काय बिघडतं?"

"मग त्या कुणब्याला का सोडलं?"

मास्तरांनी दाराकडं बघितलं. घाबरलेले होते. सगळ्या समारंभांची कामं बापूसाहेबांच्या शब्दावर मिळायची. मग हळू आवाजात त्यांनी ते वाक्य काढलं, ज्याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती.

"तुला या गावात कुणी दारात उभं केलं असतं का? मी आत घेतला. कॅमेरा हातात दिला. विसरलास?"

विसरलो नव्हतो. आजही नाही. हे दार गेलं तर पुढं काहीच नव्हतं. मागंही नव्हतं.

"तुमचे उपकार हायेत, मास्तर. डोळे माझे हायेत."

"मग बाहेर हो."

मी झालो. घोड्याचा फोटो दारावरच राहिला.

गाववाल्यानं खटपट करून मला नागापूरच्या एका वर्कशॉपात लावलं. लोखंडाचा कीस भरायचं काम. हातांना आता तेलाचा वास. काही दिवसांनी कापडबाजारातून जाताना बघितलं. काचेत फोटो लागलेला. भलामोठा. बापूसाहेब उभे, दाणे हवेत, खाली मी. मास्तरांचा हात सफाईचा. माझे डोळे नीट मिटलेले. मेलेल्या माणसाचे मिटतात तसे.

वर्कशॉपातला एकजण बरोबर होता. त्यानं मला कोपर मारलं. "आरं, तूच की ह्यो! झोपला हुतास व्हय रं घेताना?"

मी हसलो नाही. त्याला म्हणालो, तू जा.

काचेपुढं उभा राहिलो. फोटोच्या अगदी शेजारी, तोंड रस्त्याकडं. आतून मास्तरांनी बघितलं. एक बाई पोरीला घेऊन फोटो काढायला आलेली, पायरीवर थांबली. तिनं काचेतला चेहरा बघितला, मग माझा. परत काचेतला. मास्तर बाहेर आले.

"काय पाहिजे?"

"फोटो खाली घ्या."

"तो माझ्या हातात नाही."

"पेन्सिल होती की हातात."

त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं. जीप नव्हती. "किती वेळ उभा राहशील?"

"काच तुमची हाय. रस्ता तुमचा न्हाई."

बाई पोरीचा हात धरून पायरी उतरली आणि पुढच्या स्टुडिओकडं गेली. मास्तर दारातच उभे. मी हललो नाही. मारायला माणसं येतील हे धरूनच चाललो होतो. येऊ देत. उद्या पाळी सुटली की परत इथंच. परवाही. या बाजारातून जाणाऱ्या प्रत्येकानं आधी मास्तरांचं काम बघावं आणि मग माझे डोळे. फोटो खाली येईपर्यंत मी ते मिटणार नाही.