सातवं कलम

“मला पटलेलं नाही, सर.” हे वाक्य ती बसून कधी म्हणाली नाही. आधी उठायची, ओढणी नीट करायची आणि मग म्हणायची. वर्गात असं कुणी असलं की तास रंगतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी असा एखादा नमुना पाहिला असेलच.

बिबवेवाडीची मुलगी. वडिलांचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा. मी राज्यशास्त्र शिकवायचो आणि दर वर्षी कॉलेजात अभिरूप राष्ट्रसभा भरवायचो. मुलांनी चिठ्ठी उचलून एकेका देशाचा प्रतिनिधी व्हायचं, वाद घालायचा, शेवटी ठराव संमत करायचा. पहिल्याच वर्षी तिच्या चिठ्ठीत समुद्रात बुडत चाललेलं एक इवलंसं बेट आलं. आठवडाभर कँटीनमध्येसुद्धा त्या बेटाच्या नावाने हाक मारल्याशिवाय ती ओ देत नव्हती.

सभेत ठराव वाचून झाला. सगळ्यांचे हात वर गेले आणि ही उठली.

“मला पटलेलं नाही. आम्ही बुडतोय आणि तुम्ही चिंता व्यक्त करताय. मदत दिलीच पाहिजे, असं लिहा.”

मोठे देश अडून बसले. चहा निवत होता, प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते. अध्यक्ष मी, त्यामुळे लाज माझी जाणार होती. मी तिला बाजूला घेतलं. “अगं, एकटीने नाही म्हणून काही मिळत नसतं. एखादा मऊ शब्द घाल. ‘सोयीनुसार मदत द्यावी’ असं लिही, सगळे सह्या करतील.”

तिने लिहिलं. टाळ्या पडल्या. उत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस मीच तिच्या हातात दिलं.

“पण सर, बेट वाचलं का?”

“ते आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाही,” मी म्हणालो. स्वतःच्या विनोदावर हसलोही.

दुसरं वर्ष संपता संपता तिचं लग्न ठरलं. याद्या करायच्या दिवशी तिने मला आग्रहाने घरी बोलावलं. “माझं एक कलम आहे त्यात, सर. तुम्ही यायलाच हवं.” लग्नाच्या यादीत कुणी काय करायचं ते लिहितात, मोठ्याने वाचतात आणि दोन्हीकडची माणसं सह्या करतात. सातवं कलम तिच्या अक्षरात होतं : मुलगी लग्नानंतर शेवटचं वर्ष पूर्ण करेल व परीक्षेस बसेल.

मुलाचे काका यादी वाचता वाचता थांबले. “आम्ही नको म्हणतोय का? पण घरात म्हातारी माणसं आहेत, अडीअडचण असते. एवढं बांधून कशाला घ्यायचं?”

तिचे वडील रुमालाने मान पुसत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि त्या वाक्यात ‘सोयीनुसार’ हा शब्द घातला. सगळे सैलावले. पेढे फिरले. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

सासर सासवडकडे. पहिल्या महिन्यात ती दोनदा वर्गात आली. मग फोन यायला लागले. सासूबाईंचं ऑपरेशन आहे. जावेचं बाळंतपण आहे. दिवाळी झाली की येते. मी चिडलो, म्हटलं, यादीत लिहिलंय ना? तर शांतपणे म्हणाली, “त्यांचंही बरोबर आहे, सर.” तिच्या तोंडून हे ऐकून मला भीती वाटली.

परीक्षेचा फॉर्म मात्र तिच्या वडिलांनी स्वतः येऊन भरला.

पहिल्या पेपरला पर्यवेक्षक मीच होतो. सकाळी फाटकापाशी ते उभे दिसले. हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेलं.

“सात वाजता निघते म्हणाली होती. येईल, सर.”

“येईल,” मी म्हणालो.

पेपर सुरू झाला. तिच्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवून मी दाराशी उभा राहिलो. उशिरा येणाऱ्याला अर्ध्या तासापर्यंत आत घेता येतं. मी पाच मिनिटं जास्त थांबलो. मग दार लावलं, तिच्या क्रमांकापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहिलं आणि खाली माझी सही केली.

खिडकीतून फाटक दिसत होतं. ते अजून तिथेच होते. स्वारगेटकडून येणारी प्रत्येक रिक्षा जवळ आली की ते पिशवी वर धरत होते.