पिंपळगाव राजात शिपू किती वेळा मेला

मी डोणगावचा, सत्तरीला टेकलेला. शिलाईचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून मोबाइलवर चिनी सिनेमाचा इतिहास धुंडाळतो आणि इथं ब्लॉगवर लिहितो. पेकिंगच्या फोटो स्टुडिओत टिपलेल्या नाटकातल्या प्रसंगापासून, म्हणजे पहिल्या चिनी सिनेमापासून, शांघायचे मूकपट, मग हाँगकाँगच्या मारामाऱ्या, इथवर आलो. पण हे सिनेमे आपल्या वऱ्हाडात कसे गाजले, ते कुठंच मिळेना. तेव्हा कळलं, पिंपळगाव राजाचे किसनभाऊ तंबूच्या टॉकीजमध्ये माइकवर चिनी पिच्चर वऱ्हाडीत समजावून सांगत. फोन केला.

"ये. पन एक कोडं सोडवून देजो," ते म्हणाले. "त्यापायी गाव मले अजून फेकू म्हनते."

निघालोच. मेहकरपर्यंत काळीपिवळी जीप, तिथून जानेफळमार्गे खामगावची एसटी. पासष्टीच्या पुढं अर्धं तिकीट. आधार कार्ड विसरू नका आणि मागच्या बाकावर बसू नका. खामगावात कचोरी खाऊन पाऊण तासात पिंपळगाव राजा गाठलं.

किसनभाऊ ब्याऐंशीचे, आवाज अजून खणखणीत. वहिनींनी पाटोडीचा रस्सा नि भाकर वाढली. शेजारचे गणपतराव ओट्यावर येऊन बसलेच होते.

"पिच्चरात सारे त्या बुढ्याले शिपू म्हनत," किसनभाऊंनी सुरू केलं. "म्या माइकवर सांगतलं, हा शिपू. तो मेला. बाया रडल्या. पुढच्या जत्रेत दुसरा पिच्चर आला, त्यातबी शिपू. तिसऱ्यातबी शिपूच."

"अन त्यातबी मेला," गणपतराव म्हणाले. "तीनदा मारला यानं. म्या तवाच इचारलं, काऊन बे किसन, सोताची तेरवी जेवून उठला का हा?"

"चेहरा वेगळा नव्हता?" मी विचारलं.

"होता न. म्या म्हनलं, वेश बदलला त्यानं."

मी मोबाइलवर दोन सिनेमांचे तुकडे लावले. दोन वेगळे म्हातारे, दोघांनाही तीच हाक. "भाऊ, हे नाव नाही. शिफू म्हणजे उस्ताद. आखाड्यातल्या कुठल्याही गुरूला शिफूच म्हणतात."

गणपतराव खो खो हसले. "साऱ्या चिनीतला याले एक शब्द येत होता, तोबी चुकला."

किसनभाऊ हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "म्हंजे तिघं येगळे येगळे मेले. अन म्या एकाच्याच नावानं रडवलं लोकाईले."

मी सांगितलं, चीनमध्येही सिनेमाचं मशीन खेचरावर लादून गावोगाव जाणारे ऑपरेटर होते. लोकांना पडद्यावरची भाषा समजत नसे, म्हणून ते तिथल्या बोलीत समजावत.

"त्याईले चिनी येत असन न," ते म्हणाले.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तो पह्यला, तेलघाणीत लढता लढता मेला तो. त्याचं खरं नाव काय होतं?"

"शोधून सांगतो," मी म्हटलं.

घरी येऊन आठ दिवस तेलघाणी शोधत सिनेमे पाहिले. इतकी वर्षं दिग्दर्शकांची नावं पाठ केली, पण मरणाऱ्या उस्तादाचं नाव कधी विचारलं नव्हतं. नवव्या दिवशी तो सापडला. लगेच फोन लावला.

"ल्यांग," मी म्हटलं.

"ल्यांग," ते हळू म्हणाले. मग भिंतीपलीकडे ओरडले, "ओ गणपत, पह्यला मेला न, तो ल्यांग होता."

"अन बाकीचे दोन?" तिकडून आवाज आला.

सध्या मी तेच शोधतो आहे.