तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

सेल्मर टॉफ्टे यांना एखादी गोष्ट कितीही हवी असली, तरी ते आधी दोनदा नको म्हणणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तसं नॉर्थ डकोटातलं ते सगळं गावच संकोची. आजे-पणजे नॉर्वेहून आले ते बहुधा ट्रंकेत हा संकोच भरूनच. कॉफी घेणार? नको. घ्या हो थोडी. छे, उगाच कशाला. अहो, केलेलीच आहे. मग बरं, अर्धाच कप. आणि तो अर्धा कप काठोकाठ भरलेला असायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पण घाईगर्दीत इतर लोक एखादा नकार गाळायचे. सेल्मर कधीच नाही. धान्याच्या कोठारावरची नोकरी त्यांना तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळाली, आणि बायकोही तशीच. ग्लॅडिसने नाचायला बोलावलं तेव्हा हे रिवाजाप्रमाणे दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायला ती बया पुढच्या शनिवारपर्यंत थांबली. तो आठवडा आपण कसा काढला ते आपल्यालाच माहीत, असं सेल्मर म्हातारपणीही सांगत. ग्लॅडिस जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मुलगी आर्डिस गावातच राहायची, शाळेची बस चालवायची, आणि दुपारची सुटी मिळाली की वडिलांकडे जेवायला यायची.

मे महिन्यातली गोष्ट. गव्हाची पेरणी अंगावर आलेली, सगळं गाव शेतात. जेवण झाल्यावर आर्डिसने लोणी-साखर लावलेली लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती रीतसर दोनदा नाकारली, मग घेतली, आणि अर्धी खाऊन ताटलीत ठेवून दिली. आर्डिसने मान वर केली. बाबांनी लेफ्से टाकलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम होता.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही गं. छातीत जरा जड वाटतंय."

त्यांच्या 'जरा'ची आर्डिसला धास्तीच होती. यंत्रात करंगळी गेली तेव्हाही ते 'जरा लागलंय' म्हणाले होते, आणि करंगळी दुसऱ्या दिवशी गव्हात सापडली होती. अँब्युलन्स बोलवू का, असं विचारत बसलं तर इथेच संध्याकाळ होईल, हे ओळखून ती मागच्या खोलीत गेली आणि गुपचूप फोन लावला.

अँब्युलन्स गावातलेच लोक चालवत, पगाराबिगाराशिवाय. गॉर्डी पेरणीचा ट्रॅक्टर शेतात उभा करून तसाच मातीच्या बुटांनी आला. अंगणात चिखल होता म्हणून तो बाहेर गाडी वळवून लावत राहिला. आत आला तो डेरेक. हा पगारी पॅरामेडिक, चांगला शिकलेला, पण टेक्ससचा, आणि गावात नवा. गोची झाली ती इथेच.

"या, बसा," सेल्मर म्हणाले. श्वास पुरत नव्हता, पण पाहुणा तो पाहुणा. "कॉफी घेणार?"

"घेईन की," म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून डेरेक हसून म्हणाला.

सेल्मर अवाक झाले. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. याला फारच तलफ आलेली दिसते, असं समजून ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. आर्डिसने त्यांना खांदे दाबून खाली बसवलं आणि डेरेककडे असं पाहिलं की त्याची कॉफीची इच्छाच गेली.

त्याने छातीला वायरी लावल्या, यंत्रातून निघालेली पट्टी पाहिली, आणि त्याचा आवाज बदलला. "सर, हा हार्ट अटॅक आहे. आत्ताच्या आत्ता निघायला हवं. येताय ना?"

"नको, नको. पेरणीच्या दिवसांत लोकांना कशाला त्रास."

"अजून दुखतंय का?"

"नाही, तसं विशेष नाही."

"सर, जिवाशी खेळ आहे हा. चला ना."

"राहू दे. उद्या बघू."

डेरेक हताश होऊन उभा राहिला. "मॅडम, हे शुद्धीवर आहेत आणि नाही म्हणतायत. मी उचलून नाही नेऊ शकत. गाडीतून डॉक्टरांना कॉल लावतो, तेच समजावतील."

"अरे, हॉस्पिटल तासाभरावर आहे. समजावत कसले बसताय? अजून एकदा विचार."

"तीनदा विचारलं मी."

"दोनदाच. मधलं दुखण्याचं होतं. ते नाही धरत."

हिलाही वायरी लावाव्यात की काय, अशा नजरेने डेरेकने तिच्याकडे पाहिलं आणि तो दाराकडे वळला.

आता विचारणारी आर्डिस एकटीच उरली होती, आणि विचारणारा बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे अजून दोन नकार. बाबांचे ओठ निळे पडत चालले होते. दोन नकार ऐकण्याइतका वेळ आहे का, हेच तिला कळेना. तिला त्या क्षणी वडिलांचा, सगळ्या गावाचा आणि नॉर्वेचाही भयंकर राग आला. ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली.

"बाबा, चलायचं का?"

"हो," सेल्मर म्हणाले. "चल."

पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर तयार होता. तो तिथेच राहिला. त्यांनी नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांना धारा लागल्या.

"म्हणजे येतायत ना?" दारातून डेरेकने विचारलं.

हॉस्पिटलमध्ये बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, वेळेत आणलंत असं डॉक्टर म्हणाले, आणि सेल्मर खडखडीत बरे होऊन घरी आले. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मात्र मागे डेरेक सेल्मरना प्राणवायू लावत होता आणि आर्डिस पुढे गॉर्डीशेजारी बसली होती. गावात सायरन वाजवायची पद्धत नव्हती. कामातल्या लोकांना उगाच त्रास. गॉर्डी नेहमीसारखा बेताने चालला होता.

"कितव्यांदा हो म्हणाले?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदा."

गॉर्डीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने सायरन लावला.