बांगडा कोण चिरणार

मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात अक्काची उभी हयात गेली. ओल्या फरशीवर उभं राहायचं, बांगड्याचं पोट चिरायचं, बोट घालून आतडी ओढायची. हातमोजे फाटायचे आणि थंडगार रक्त नखांत शिरायचं. घरी आली की नवरा, कचेरीतला टापटिपीचा कारकून, दारातच नाक दाबून म्हणायचा, "आधी मोरीत जा. शिसारी येते." तिने मळलेल्या पिठाची पोळीही तो खात नसे, म्हणून पीठ सासू मळायची. कारखान्यातून कायमची सुटली त्या दिवशी अक्काने गमबूट कचऱ्यात फेकले आणि घरात मासळी आणायची नाही असं ठरवलं.

पुढे नवऱ्याच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तात चरबी फार झालीय. गोळ्या चालू ठेवा, तळलेलं बंद करा. आठवड्यातून दोनदा मासे खा, बांगड्यासारखे तेलकट. हृदयाला चांगले."

घरी येताच तो म्हणाला, "चला, आता तुझ्या हातचे मासे."

जिवावरचं दुखणं, नाही कसं म्हणायचं? त्याने आणलेल्या बांगड्याला अक्काने सुरी लावली. पोट उघडलं आणि तोच वास घशात आला. कसंबसं शिजवून तिने वाढलं. नवरा डोकी चोखत होता, काटे चघळत होता, रस्सा मनगटापर्यंत ओघळला तोही त्याने चाटला. "इतकी वर्षं ही विद्या कुठे लपवली होतीस?" त्याने तोंडभरून विचारलं.

माशांची किळस अक्काच्या अंगवळणी पडली होती. आज आली ती माणसाची होती. ती ताटावरून उठली.

पुढच्या खेपेला त्याने पुडकं तिच्यापुढे ठेवलं.

"मी नाही चिरणार," ती म्हणाली.

"अगं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुम्हाला सांगितलंय. हात तुम्हालाही आहेत."

"मला शिसारी येते त्याची."

"माहीत आहे. रोज दारात सांगायचात."

तो फुगून बसला. लेकीला फोन करून गाऱ्हाणं घातलं. लेक म्हणाली, "बाबा, सुरी स्वयंपाकघरात डावीकडच्या खणात आहे."

शेवटी नाकाला टॉवेल बांधून तो मोरीत बसला. पित्ताची पिशवी फोडली, सगळा मासा कडू झाला. तो तसाच गिळला. हळूहळू हात बसला.

पुढच्या तपासणीत रक्तातली चरबी उतरलेली निघाली. डॉक्टर खूश होऊन अक्काला म्हणाले, "तुम्हीही खात जा."

"मेले तरी नाही."

"मग जवस, अक्रोड खा. माशांची सर नाही, पण काही तरी मिळेल."

परतताना तिने अक्रोड घेतले.

एकदा मोरीत हात घासता घासता नवऱ्याने विचारलं, "साबणाने जात नाही गं. तुझं रोज असंच व्हायचं?"

"रोज."

तो पुन्हा साबण लावू लागला. माफी मागेल असा तो माणूस नव्हता, आणि मागितली असती तर आपण काय केलं असतं, हे अक्कालाही ठाऊक नव्हतं. तिने खिडकी उघडली, आपलं ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जेवायला बसली.