साखर दुधात जाते

ज्या आठवड्यात मी पेडण्याला आईजवळ राहणार होते, त्याच आठवड्यात आमची गाय व्याली. दहा दिवस आधीच. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आई कुणाकडे काही मागणारी नव्हे. भावाकडे राहते, वहिनीही तिचं नीट करते. तरी तिने फोनवर विचारलं होतं, "तू येशील मगे?" आणि चार दिवस राहायलाच येते, असं मी सांगून टाकलं होतं.

माझं सासर कारापूरला. नवरा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा तो बाहेरगावी टँकरवर गेला, महिन्यातून एकदा घरी येतो. घरात मी आणि सासूबाई. त्यांना आम्ही मांय म्हणतो. मांयचे गुडघे गेलेले, त्यामुळे गोठा माझाच. त्यातून ही गाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही, लाथ मारते. दोन धारांच्या मधे जेवढं मावेल तेवढंच माझं फिरणं. साखळीचा बाजार मावतो, डिचोलीतलं एखादं काम मावतं. पेडणे मावत नाही. म्हापशाला बस बदलून जाऊन परत येईपर्यंत संध्याकाळची धार चुकते. गाय तेव्हा आटलेली होती म्हणून तर मी आईला हो म्हटलं होतं.

वासरू चांगलं झालं, पाडी. चीक भरपूर. पहिले दोन दिवस बादली भरून दूध आलं आणि मी खूश होते. तिसऱ्या दिवशी गायीने पेंड-पेजेचं आंबोण तोंडातही घेतलं नाही. हिरवं गवत घातलं, तेही तसंच. जवळ गेले तर तिच्या तोंडाला गोडसर आंबूस वास येत होता.

मांय दारातूनच म्हणाल्या, "बोंडू खाल्ले आसतले गो तिणें."

काजूचे दिवस होते आणि वास अगदी उतरलेल्या बोंडूंचाच होता. पण गाय दावणीला बांधलेली. बोंडू खाणार कुठून? तरीही मी मांयचं ऐकलं आणि एक दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कासेचा मागचा उजवा भाग दगडासारखा लागला. हात लावला तर तापलेला. सडातून दूध नव्हे, पिवळं पाणी आणि त्यात दह्यासारख्या गुठळ्या.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. सावंतवाडीकडच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, मला वहिनी म्हणतात. त्यांनी आधी गायीचं तोंड हुंगलं. मग तिच्या लघवीत एक पट्टी बुडवली. पट्टी बघता बघता जांभळी झाली.

"व्यायच्या आधी हिला काय घालत होतात?"

मी सांगितलं. पेंड, भाताची पेज, आणि पाववाल्या पदेराकडे उरलेले शिळे पाव नि उंडे. तो रोज पिशवी भरून ठेवायचा, मी रोज आणायचे. गाय आटलेली होती तरी. पुढे दूध चांगलं देईल म्हणून.

"तेच झालंय. चरबी चढली. आता दूध सुटलं, त्याला साखर लागते. आणि अशी लठ्ठ गाय व्याल्यावर नेमकी खात नाही. मग अंगातली चरबी वितळते. त्या जळलेल्या चरबीचा हा वास. बोंडूंचा नव्हे."

"आणि कास? ती कशाने सुजली?"

त्यांनी चार खणांच्या पांढऱ्या थाळीत चारही सडांचं थोडंथोडं दूध घेतलं, वर जांभळट औषध ओतलं आणि थाळी फिरवली. तीन खणांत पातळ राहिलं. चौथ्यात जेलीसारखा गोळा झाला.

"जंतू शेणामातीतून सडात जातात. ते सगळ्याच गायींच्या जातात. ही जेली दिसते ना, ह्या हिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतूंना मारायला आलेल्या. कमी नाहीत, लाखांनी आल्यात."

"मग मारत का नाहीत?"

"जंतू गिळायला, मारायला पेशींनाही ताकद लागते वहिनी. ती ताकद पेशी साखरेतून काढतात. रक्तात साखर आधीच कमी, तीही कास ओढून घेते. साखर दुधात जाते. त्यात हे चरबीचं रसायन रक्तात फिरतंय, त्याने त्या आणखी सुस्तावतात. पोचल्या, पण लढायला त्राण नाही. नुसतं अँटिबायोटिक देऊन भागायचं नाही. हिच्या रक्तात साखर चढली पाहिजे."

त्यांनी शिरेतून ग्लुकोज लावलं, सडात औषधाची नळी रिकामी केली. सकाळ-संध्याकाळ पाजायला गोड पातळ औषधाची बाटली दिली. दुखरा सड दर दोन-तीन तासांनी पिळून रिकामा करायचा, बाकीच्या तीन सडांतून मात्र थोडंच दूध काढायचं. जाताना म्हणाल्या, "चार-पाच दिवस हिच्याजवळून हलू नका."

आईचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं.

तेव्हापासून मी गोठ्यातच. चूल मांय बसल्या बसल्या सांभाळायच्या. मी सड पिळायचे, ते पाणी माडाच्या मुळाशी ओतायचे, हात धुऊन वासराला बाटली लावायचे, की पुन्हा सडाची वेळ. औषध पाजताना तिची मान काखेत धरून गालात बाटली घालायची. अर्धं माझ्या अंगावर. बाहेरच्या रस्त्याने म्हापशाच्या बसेस जायच्या. त्यांचा हॉर्न ऐकला की मी वैतागायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गाय बसली ती उठेना. त्याच वेळी भावाचा फोन. म्हटलं, जमणार नाही. त्याने फोन आईकडे दिला.

"गाय आजारी आसा, आई. माझ्याशिवाय कोणाक हात लावक दिणा नाय."

आई म्हणाली, "बरां. सांभाळ तिका." आणि फोन ठेवला. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मी गोठ्यात गेले, गायीच्या शेपटीचा पीळ धरून ऊठ ऊठ करून ओढलं आणि ती हलेना तेव्हा मारलं. दोरीने, पाठीवर, तीन-चारदा. ती ओरडली नाही. फक्त कातडी थरथरवली. मान वळवून माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दोरी टाकली आणि तिथेच शेणात बसले. शिळ्या पावांनी तिला फुगवली कुणी? मीच ना. दुधाची हाव माझी आणि पाठ तिची. मांय दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं. त्या काठी टेकत आत आल्या आणि गुडघे न वाकवता येईल तेवढं वाकून तिच्यापुढे गवताची पेंडी टाकली.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी पुन्हा आल्या, पुन्हा ग्लुकोज लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू असेल त्या सुमाराला, गाय धडपडत उठली. पेंडीतल्या चार काड्या ओढून चघळल्या. त्या चार काड्यांसाठी मी मांयना हाक मारून बोलावलं. पुढच्या दोन दिवसांत वास गेला, पट्टीचा रंग उतरला, ताप उतरला. "आता पेशी कामाला लागल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तो सड वाचला नाही. आतून करवंटीसारखा घट्ट झाला आणि आटून गेला. गाय तीन सडांवर राहिली.

महिन्याभराने आई स्वतःच आली. भावाने गाडीने आणून सोडली. डोळ्यांवर काळा चष्मा. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "तू येवक नाय, म्हणान मीच आयलंय." हसत म्हणाली, पण मला हसता आलं नाही. मी तिला माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर ती मांयना स्वतःच्या डोळ्यात औषधाचे थेंब कधी घालायचे ते सांगू लागली.

तीन दिवस राहिली. मांय नि ती व्हरांड्यात बसून गुडघे नि डोळे बोलायच्या. मी येता-जाता ऐकायचे. तिच्याजवळ नीट बसले अशी एकही दुपार मला आठवत नाही.

न्यायला भाऊ आला तो नेमका संध्याकाळच्या धारेला. गायीने नुकताच पान्हा सोडला होता. आता उठले तर ती दूध चोरणार, आणि दूध आत राहिलं तर उरलेल्या सडांची भीती. आई गोठ्याच्या दारात आली. "जातंय गे," म्हणाली.

"पाच मिनटां थांब, आई."

"नाको, तो घाई करता. तू काड."

ती आत आली, शेणातून पाय जपत. माझ्या मागे उभी राहून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझे दोन्ही हात सडांवर होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा बादली अर्धीच भरली होती.